स्लीव्ह होऊन पाच महिने झाले, काटा ९६ वर अडलाय – मदत हवी आहे

चाफेकळी_कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

वय ४६, उंची १५७ सेंमी. जूनअखेर स्लीव्ह झाली (वजन कमी करायला जठराचा पाऊण भाग काढतात ती, दुर्बिणीतून). तेव्हा वजन ११८ होतं, आज ९६. पहिले दोन महिने भराभर उतरलं, मग रेंगाळलं, आणि दिवाळीच्या आधीपासून काटा हलायचं नाव घेत नाही. कधी ९५.६, कधी ९६.४, रोज सकाळी हाच खेळ.

शेजारच्या खोलीत ज्या दादांचं ऑपरेशन झालं त्यांचे ४० किलो गेले. आमचा पेशंटांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे रोज कुणीतरी जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून फोटो टाकतं. मी ग्रुप म्यूट केलाय. सासूबाई काही बोलत नाहीत, पण भाऊबीजेला आलेली नणंद म्हणालीच, "वहिनी, एवढे पैसे घातले, तर फरक दिसायला नको का?"

खाणं असं: सकाळी चहा आणि दोन खारी. दहाला एक अंडं. दुपारी अर्धी भाकरी, वाटीभर वरण, भाजी. चारला मूठभर चिवडा नाहीतर खाकरा. रात्री मऊ भात-आमटी. संकष्टी आणि शनिवार उपास. प्रोटीन पावडरचा वास सहन होत नाही म्हणून बंद केली. रोज अर्धा तास चालते. थायरॉइड, कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन सगळं सकाळी एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. शुगरची एक गोळी बंद झाली, एक चालू आहे. केस मात्र मुठीने गळताहेत.

यूट्यूबवर 'पाऊच रीसेट' म्हणून सांगतात, आठ-दहा दिवस परत नुसतं पातळ घ्यायचं, की वजन उतरायला लागतं. करू का? का माझं एवढंच उतरायचं होतं? डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, पण तोवर डोकं शांत राहत नाही. माझं ध्येय ६० आहे.

भाकरतुकडा

ताई, ठाण्याहून लिहितोय, माझ्या स्लीव्हला तीन वर्षं होऊन गेली. त्या दादांचं आधीचं वजन किती होतं?

चाफेकळी_कोल्हापूर

१६२.

भाकरतुकडा

मग हिशेब करा. १६२ तले ४० म्हणजे पंचवीस टक्क्यांना थोडं कमी. तुमचे ११८ तले २२ म्हणजे जवळजवळ १९ टक्के. ४० आणि २२ समोरासमोर ठेवले की तुम्ही निम्म्यावर दिसता, टक्क्यांत तेवढं अंतर नाही. शिवाय पुरुषाच्या अंगात स्नायू जास्त, त्याचं सुरुवातीला झपाट्याने उतरतं. मधुमेह, थायरॉइड, पाळी जायचं वय, हे सगळं वजनाला ब्रेक लावतं. ग्रुप म्यूट केलात ते बेस्ट केलंत. मी तर बाहेरच पडलो होतो.

माझंही दोनदा अडलं होतं. पहिल्यांदा तिसऱ्याच आठवड्यात, तेव्हा बायकोला म्हणालो, ऑपरेशन वाया गेलं.

हिंगाष्टक

ओवा-जिऱ्याचं पाणी अनशापोटी घ्या. आमच्या आतेबहिणीचे १० किलो गेले. ऑपरेशनची गरजच नव्हती खरं तर.

कोरफड

@हिंगाष्टक, ऑपरेशन होऊन पाच महिने झाल्यावर हा सल्ला कुणाच्या कामाचा?

चाफेकळी, मी आहारतज्ज्ञ आहे, बॅरिॲट्रिकचे, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनचे पेशंट रोज बघते. तुमचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

पाऊच रीसेट करू नका. पहिल्या पंधरवड्यात पातळ देतात ते टाके भरून येण्यासाठी, त्याने वजन उतरतं म्हणून नव्हे. आता पातळावर गेलात तर दोन-तीन किलो उतरलेले दिसतील, पण त्यात बरंचसं पाणी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, तो आपल्या जवळपास तिप्पट पाणी धरून ठेवतो. साठा संपला की पाणी जातं, जेवायला लागलात की परत येतं. भाकरतुकडा यांचं तिसऱ्या आठवड्यात अडलं त्यातही या पाण्याचा हात असणार. शिवाय पातळावर प्रोटीन पडलं कमी तर स्नायू झिजतात. तुम्हाला तेच तर टिकवायचे आहेत.

आता तुमचं ताट. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. अंड्याचे ६, वरण घट्ट असेल तर वाटीला ६-७, भाकरी-आमटीचं थोडंफार. ओढूनताणून २५ होत असेल. केस गळण्यात ऑपरेशनचा धक्का आहेच (तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेकांचे गळतात आणि परत येतात), पण प्रोटीन आणि लोह कमी पडलं तर ते लांबतं. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, तेवढ्याच शिजलेल्या चिकनमध्ये २५ च्या पुढे. मासे, मुगाचं धिरडं, सोयाबीनच्या वड्या, चक्का. घास घेताना आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी.

खारी, चिवडा, खाकरा यांना आम्ही घसरणारं खाणं म्हणतो. चावलं की त्याचा भुगा होतो आणि चहाबरोबर जठरातून सरळ खाली उतरतो. पोट भरल्याचं कळतच नाही. अंडं खाल्लं की दोन तास भूक लागत नाही आणि खारी खाल्ली की तासाभरात काहीतरी चघळावंसं वाटतं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी-चहा नको. एरवी घोटघोट करत दिवसाचं दीड-दोन लिटर झालंच पाहिजे.

उपासाबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, श्रद्धेचा विषय आहे. पण साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं आणि वरीत थोडंच. उपास करायचाच तर दूध, दही, पनीर यांवर करा आणि शुगरची गोळी चालू असल्याने डॉक्टरांना विचारूनच.

गोळ्यांचं मात्र आजच बदला. थायरॉइडची गोळी एकटी, अनशापोटी, पाण्याबरोबर. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून निदान चार तास लांब, आणि त्या दोघांतही दोन तासांचं अंतर. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणजे तुमचा टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतो तो हार्मोन) वाढलेला असू शकतो. नुसत्या त्यानेही वजन रेंगाळतं. पुढच्या आठवड्यात टीएसएच, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि डी व्हिटॅमिन आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्यायचं का, हे विचारा.

आणि सतत उलट्या, पाणीही न टिकणं, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं यांतलं काही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा. उलट्यांमुळे बी-१ कमी पडतं आणि त्यातून नसांना कायमची इजा होऊ शकते.

चाफेकळी_कोल्हापूर

खारीचं वाचून नवरा हसतोय. ६० बद्दल कुणीच काही बोललं नाही.

कोरफड

मुद्दाम टाळलं होतं, विचारलंत म्हणून लिहिते. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात सरासरी २५ ते ३० टक्के वजन जातं. तुमच्या बाबतीत ते ८३ ते ८८ च्या आसपास येतं. काही जण त्याखाली जातात, काही वरच राहतात. ६० हा आकडा उंचीच्या तक्त्यातला आहे. तो धरून बसलात तर ८२ ला पोचूनही हरल्यासारखं वाटेल.

स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्यांचा मोठा अभ्यास चालू झाला. त्यात स्लीव्ह नव्हती, बायपास (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात ते) आणि जुने प्रकार होते. वजन एक-दोन वर्षांत तळाला गेलं, नंतर थोडं चढलं, आणि दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं सरासरी २५ टक्के कमी राहिलं. ऑपरेशन न झालेल्या तशाच लठ्ठ लोकांपेक्षा या सगळ्यांमध्ये मृत्यूही कमी झाले. तक्त्यातलं वजन न गाठताच.

वजन आठवड्यातून एकदा करा. त्याच काट्यावर, त्याच वेळी. कंबर टेपने महिन्यातून एकदा मोजा. चालण्याला जोड म्हणून खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आणि रबरी पट्ट्यांचा व्यायाम सुरू करा, सर्जनची हरकत नसेल तर.

भाकरतुकडा

माझं ११ किलो परत चढून त्यातलं ६ पुन्हा उतरलंय, तेव्हा सरळ रेषेची अपेक्षाच सोडलीय. नणंदबाईंना शुगरची बंद झालेली गोळी दाखवा. नाहीतर नका दाखवू.

चाफेकळी_कोल्हापूर

टेप लावून बघितला. दिवाळीत शिवायला टाकलेल्या ब्लाउजच्या मापापेक्षा छाती दीड इंच कमी भरली. हे कुणी आधी सांगितलं असतं तर! थायरॉइडची गोळी उद्यापासून वेगळी. संकष्टीचं सासूबाईंशी बोलेन. शनिवार सोडायला माझी मीच मुखत्यार आहे.

एकच राहिलं, पावडरीच्या वासाचं काय करू?

कोरफड

बिनचवीची घ्या. कढत पदार्थात घालू नका, गुठळ्या होतात. पिठलं किंवा आमटी ताटात वाढून कोमट झाली की चमचाभर ढवळा. ताकात जिरं-मीठ घालून तर कळतही नाही.