प्रसिद्ध पात्रावरून ‘प्रेरित’ थ्रीडी मॉडेल व्यावसायिक परवान्यासह विकावे का?

मेशकार:
एका गाजलेल्या विज्ञानपटातील शिरस्त्राणासारखे शिरस्त्राण आणि त्यातील एका पात्राची मूर्ती मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये शून्यापासून घडवली आहे. मूळ निर्मात्यांची कोणतीही फाइल वापरलेली नाही, छातीवरचे चिन्ह बदलले आहे आणि शीर्षकात पात्राचे नाव न घालता केवळ ‘प्रेरित’ असे लिहिले आहे. आता काही ग्राहक प्रिंट काढून विकण्यासाठी व्यावसायिक परवाना मागत आहेत. तो देण्यात कितपत धोका आहे?

कोरीव:
मेश, म्हणजे मॉडेलची थ्रीडी जाळी, तुमची स्वतःची असल्याने फारसा फरक पडत नाही, कारण पात्राच्या ओळखू येणाऱ्या रूपालाही कॉपीराइटचे संरक्षण मिळू शकते. डीसी कॉमिक्स विरुद्ध टाउल या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये बॅटमॅनच्या मोटारीच्या, म्हणजे बॅटमोबाइलच्या, प्रतिकृती बनवून विकणाऱ्याला दोषी धरले. ती मोटार असली तरी तिला पात्रासारखेच संरक्षण आहे, असे न्यायालयाने मानले. ‘तीस टक्के बदल केला की चालते’ असा नियम कोणत्याही कायद्यात नाही. तुम्ही काय बदलले यापेक्षा मुळातले काय शिल्लक राहिले, हे पाहिले जाते, आणि तुमचे ग्राहक तर ते पात्र ओळखूनच येत आहेत.

अटी वाचणारा:
खरी गोम परवान्यात आहे. जो हक्क आपल्याकडे नाही, तो दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे तुमच्या परवान्यातून ग्राहकाला फार तर तुमच्या स्वतःच्या कामाचा वापर मिळेल, मूळ पात्राचा नाही. तेवढेही अमेरिकेत डळमळीत आहे, कारण दुसऱ्याची कृती बेकायदा वापरून केलेल्या रूपांतराच्या ज्या भागात ती कृती आहे, त्या भागाला तेथील कायदा संरक्षण देत नाही. म्हणजे उद्या कोणी तुमचीच फाइल उचलून विकली, तर तक्रार करायलाही तुम्हाला भक्कम आधार उरणार नाही. शिवाय प्रिंट विकणाऱ्या ग्राहकाला नोटीस आली, की तो तुमचा परवाना हातात धरून तुमच्याच दारात उभा राहील. त्यात ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ असे वाक्य कुठून तरी उतरवून घेतले असेल, तर ते आधी काढा. शीर्षकात नाव टाळून टॅगमध्ये तेच नाव घालणारेही पुष्कळ दिसतात. तेथे ट्रेडमार्कचा वेगळा प्रश्न उभा राहतो.

तिसरी मिती:
शिरस्त्राणाबाबत एक निकाल नेहमी अर्धाच सांगितला जातो. ‘स्टार वॉर्स’मधील स्टॉर्मट्रूपर या सैनिकांच्या शिरस्त्राणांवरून त्या चित्रपटांची निर्माती कंपनी लुकासफिल्मने केलेल्या दाव्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते शिरस्त्राण ‘शिल्प’ नसल्याचे ठरवले, त्यामुळे तेथील कॉपीराइटचा दावा टिकला नाही. परंतु अमेरिकी कॉपीराइटच्या उल्लंघनाचा दावा ब्रिटिश न्यायालयात चालू शकतो, असेही त्याच निकालात म्हटले आहे. फाइल जगात कोठेही डाउनलोड होते, त्यामुळे एका देशाच्या सवलतीवर विसंबून राहू नये.

मेशकार:
नोटीस आली तर मॉडेल काढून टाकेन. तेवढ्यावर प्रकरण मिटत नाही का?

अटी वाचणारा:
बहुतेक वेळा मिटते, पण हक्कधारकाने तेथेच थांबावे असे बंधन नाही, आणि वारंवार नोटिसा आल्या तर संकेतस्थळ संपूर्ण खाते बंद करू शकते. मॉडेल परत लावून घेण्यासाठी प्रतिनोटीस देण्याचा मोह होईल. मात्र अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार तीत खोटे बोलल्यास शिक्षेची जोखीम पत्करून निवेदन करावे लागते आणि न्यायालयाचे अधिकारक्षेत्रही मान्य करावे लागते. तेव्हा या दोन मॉडेलांसाठी परवाना देऊ नका. अंतराळवीर, चिलखत, यंत्रमानव या कल्पना कोणाच्याही मालकीच्या नाहीत; त्यांतून स्वतःची बाह्यरेषा, प्रमाण आणि अलंकरण असलेले पात्र घडवा आणि परवाना त्याचाच विका. ज्यांना हेच पात्र हवे आहे, त्यांना मूळ हक्कधारकाकडे पाठवा.