लाळ पाठवली, 'निगेटिव्ह' आलं, झालं निश्चिंत?

डिचोलीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "प्रत्येक गोंयकाराने किट मागवून घरच्या घरी डीएनए चाचणी करावी, निगेटिव्ह आली की कॅन्सरची चिंता मिटली." वाचून डोकं फिरलं. 2018 मध्ये अमेरिकेत अशा एका किटला बीआरसीए 1 आणि 2 या स्तन-अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंधित जनुकांच्या फक्त तीन बदलांसाठी परवानगी मिळाली, तेही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये आढळणारे. त्या दोन जनुकांतले घातक बदल हजारांवर आहेत. मग आपल्या सत्तरी तालुक्यातल्या बाईने त्या निगेटिव्हचं करायचं काय? घरात ज्याला कॅन्सर झालाय त्याची चाचणी आधी. त्याच्यात बदल सापडला, तर बाकीच्यांच्या निगेटिव्हला खरा अर्थ.

फोंड्याची मावशी: आणि तो माणूसच उरला नसेल तर? माझी बहीण बेचाळिसाव्या वर्षी गेली. मग मीच केली, किट नव्हे, लॅबमध्ये. रिपोर्टात बदल आहे, पण "अर्थ अनिश्चित". डॉक्टर म्हणाले, यावरून ऑपरेशनबिपरेशन काही ठरवायचं नाही. पैसे मोजून काळजी विकत घेतली.

डिचोलीकर: मावशी, बहिणीचं ऑपरेशन झालं असेल तर गाठीचा ब्लॉक, म्हणजे जपून ठेवलेला तुकडा, पॅथॉलॉजीत विचारून बघा. कधी कधी त्यावरही चाचणी होते.

म्हापशेकर: किटवाला मीच. शहाणपण पुरे. लग्नाला छत्तीस गुण जुळवता, तेव्हा नाही कुणाचं डोकं फिरत! दोघं थॅलेसेमियाचे, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे, वाहक निघाले की मग बसा रडत.

पेडण्याचा दादा: पत्रिका मध्ये कुठून आली? आमची जुळवूनच झाली, सगळं ठीक आहे.

म्हापशेकर: नशीब तुमचं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याचा 25 टक्के धोका, गुण कितीही जुळोत.

फोंड्याची मावशी: भाचीच्या वेळी आम्ही रक्ततपासणीचं नुसतं विचारलं, तर मुलाकडचे चहा न घेता उठले. "आमच्या घराण्यात खोट काढता?"

पेडण्याचा दादा: उठणारच! पोरीत दोष निघाला तर गावभर होईल, मग तुम्ही याल स्थळ घेऊन?

डिचोलीकर: वाहक म्हणजे दोष नव्हे हो! तो माणूस ठणठणीत असतो. आणि म्हापशेकर, त्याला तुमचं किट लागतच नाही. सीबीसी आणि एचबीए2 या साध्या रक्ततपासण्या केल्या की बहुतेक वेळा कळतं.

म्हापशेकर: बरं महाराज, कॅन्सरपुरतं किट मागे घेतलं, खूश? पत्रिकेचं मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

पेडण्याचा दादा: घेऊ नका. आधी स्वतःची सीबीसी करून या.