मदत हवी आहे: महाराष्ट्रातून जीएनएम, इंदूरमध्ये पहिली नोकरी कशी मिळवावी?

नवी_इंदूरकर

नमस्कार मंडळी. माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे. लग्नानंतर इंदूरला लोकमान्यनगरात आलेय. शिकतानाची पोस्टिंग सोडली तर अनुभव नाही. कुठेही फोन केला की पहिला प्रश्न, "एमपी का रजिस्ट्रेशन है?" आणि तिथेच बोलणं संपतं. ते रजिस्ट्रेशन हातात येईपर्यंत थांबायचं का? मुलाखतीत काय विचारतात? आणि सुरुवातीला छोटं नर्सिंग होम बरं की मोठं हॉस्पिटल?

फाइलवाला

ताई, थांबू नका, दोन्ही कामं बरोबरीने चालू द्या. पण कागदांचा क्रम चुकवू नका.

मध्य प्रदेशातली नोंदणी भोपाळची नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिल करते. बाहेरच्या राज्यातल्या नर्सला आधी मूळ कौन्सिलची, म्हणजे तुमच्या बाबतीत मुंबईची, एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागते. ती मागण्याआधी तुमच्या रजिस्ट्रेशनची मुदत बघा. संपत आली असेल तर आधी नूतनीकरण, मग एनओसी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी नंबर काढला नसेल तर तोही मार्गी लावून घ्या.

अर्ज अडकतात ते बहुधा नावापायी. आपल्याकडच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. इथल्या फॉर्मात आधी नाव, शेवटी आडनाव, आणि वडील किंवा पती यांचा रकाना वेगळा. त्यात आधारवर सासरचं नाव आलं की तीन कागदांवर तीन बायका दिसायला लागतात. म्हणून आधारवरचं नाव अजून बदललं नसेल तर नोंदणी होईपर्यंत बदलूच नका. बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं नोटरी केलेलं शपथपत्र पहिल्याच अर्जाला जोडा. त्रुटी निघाल्यावर जोडायला गेलात तर फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी.

एचआरवाले अडून बसतात त्यालाही कारण आहे. एनएबीएच (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या हॉस्पिटलला प्रत्येक नर्सचं रजिस्ट्रेशन तपासून फाइलला ठेवावं लागतं. फोनवर "नाही" म्हणून मोकळ्या होऊ नका. एनओसीची प्रत आणि भोपाळच्या अर्जाची पावती घेऊन स्वतः जा, आणि बायोडेटात "एमपी नोंदणी प्रक्रियेत" असं अर्जाच्या तारखेसह लिहा.

वॉर्ड_सिस्टर

कागदांचं वर आलंच आहे, मी मुलाखतीचं सांगते.

बायोडेटा एका पानाचा पुरे. 'मेहनती, प्रामाणिक' वगैरे कुणी वाचत नाही. कोणत्या वॉर्डात किती आठवडे पोस्टिंग झाली, हॉस्पिटल किती खाटांचं होतं, स्वतःच्या हाताने काय काय केलंय (कॅन्युला, कॅथेटर, रायल्स ट्यूब, सक्शन, ईसीजी) ते लिहा. एचआरच्या खिडकीवर फाइल देऊन परतू नका. नर्सिंग सुपरिटेंडंटना भेटायचंय असं सांगा, आणि सकाळचे राउंड आटोपल्यावरच जा.

फ्रेशरला अवघड विचारत नाहीत, पण रोजच्या कामातलं नेमकं विचारतात. ड्रिपचं गणित हमखास. ५०० मिली सलाइन ६ तासांत द्यायचं आणि सेट २० थेंबांना १ मिलीचा, तर ५०० × २० ÷ ३६० मिनिटं म्हणजे मिनिटाला साधारण २८ थेंब. मायक्रोड्रिप (बारीक थेंबांचा सेट) १ मिलीला ६० थेंबांचा असतो, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हे तोंडी यायला हवं.

इन्सुलिनवर बऱ्याच जणी घसरतात. आपल्याकडच्या व्हायल (औषधाच्या बाटल्या) बहुतेक यू-४० असतात, १ मिलीत ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची, आणि यू-१००ची (१ मिलीत १०० युनिट) केशरी. यू-४०चं औषध केशरी सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरलं तर ते ०.२ मिली भरतं, म्हणजे पेशंटला २० ऐवजी ८च युनिट जातात. उलट केलं तर जास्त धोका. यू-१००चं औषध लाल सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरलं की ५० युनिट जातात आणि साखर धाडकन उतरते. उत्तर देताना आधी व्हायलवरचा आकडा वाचेन, मग सिरिंज उचलेन, असं म्हणा. त्यांना तेच ऐकायचं असतं.

याशिवाय: पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेतून पुश करायचं नाही, हृदय बंद पडतं. सेफ्ट्रायॅक्सोन रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळायचं नाही, त्यातल्या कॅल्शियममुळे साका बसतो. रक्त लावताना दोघींनी पडताळायचं, पहिली १५ मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही आणि पिशवी ४ तासांत संपवायची. सीपीआर ३० : २, म्हणजे छातीवर ३० दाब मग २ श्वास, दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०. कचऱ्यात सुया पांढऱ्या डब्यात, नळ्या आणि ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, काचेच्या व्हायल निळ्यात, रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात. सुई टोचली तर? जखम पिळायची नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं, कारण एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

लोकमान्यनगरहून माणिकबाग रोडचं चोइथराम हॉस्पिटल सोयीचं पडेल. बाकीची बरीच मोठी खासगी हॉस्पिटलं विजयनगर-एबी रोडकडे आहेत. अरबिंदो पार उज्जैन रोडला, तिथे रात्रपाळीच्या गाडीचं आधी विचारा. एमवाय (महाराजा यशवंतराव हॉस्पिटल) सरकारी आहे, तिथे बायोडेटा देऊन काही होत नाही.

पहिलं वर्ष जनरल वॉर्डात काढावं असं माझं मत.

रात्रपाळी

या शेवटच्या वाक्याशी असहमत. आयसीयूत एका नर्सकडे पेशंट कमी असतात आणि सीनियर बाजूलाच असते. जनरल वॉर्डात रात्री एकटीवर वीस-पंचवीस पेशंट येऊ शकतात. फ्रेशरने वॉर्डाचं नाव बघण्याऐवजी "इंडक्शन (सुरुवातीचं प्रशिक्षण) किती दिवसांचं आणि रात्रपाळी एकटीला कधीपासून" हे विचारावं. नीट उत्तर मिळालं नाही तर तिथे जाऊ नये.

नवी_इंदूरकर

सर्वांचे खूप आभार! एका ठिकाणी दोन वर्षांचा बाँड आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करा म्हणताहेत. चालतं का? आणि पुढे सरकारी परीक्षा द्यायच्या आहेत.

फाइलवाला

मूळ प्रमाणपत्रं कुणालाही जमा करायची नाहीत. पडताळणीला दाखवा, साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद त्याच दिवशी परत घ्या. एकदा अडकले की नोकरी सोडणं तर सोडाच, पुढच्या परीक्षेच्या कागद तपासणीलाही जाता येत नाही. पगार विचाराल तेव्हा हातात किती येतो ते विचारा. सीटीसीच्या (मालकाचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आकड्यात मालकाच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो.

छोट्या नर्सिंग होमचं उत्तर तुमच्या सरकारी परीक्षेतच आहे. एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) बीएस्सीवाल्यांना अनुभव लागत नाही, पण जीएनएमला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव लागतो, तोही शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचा. २० खाटांच्या ठिकाणी चार वर्षं काढली तरी या परीक्षेसाठी ती शून्य. नोकरी घेतानाच खाटा विचारा आणि सोडताना अनुभवपत्रावर खाटांची संख्या, पद आणि दोन्ही तारखा लिहून घ्या.

राज्याची भरती भोपाळचं कर्मचारी चयन मंडळ करतं. तिथे मध्य प्रदेश कौन्सिलचं 'जीवित पंजीयन' (चालू नोंदणी) मागतात, म्हणून वरचं काम रेंगाळू देऊ नका. महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथल्या आरक्षणाला चालत नाही, लग्न होऊन आलात तरी. नॉरसेटसारख्या केंद्राच्या परीक्षेला मात्र केंद्राच्या नमुन्यातला दाखला चालतो, तो माहेरहून काढता येईल. दिवाळीला जाल तेव्हा उरकून घ्या.