भावनिक कौशल्यांसाठी प्राथमिक शाळेत स्वतंत्र तासिका असावी का?

मूळ मांडणी
राग आला तर हात न उगारता तो शब्दांत सांगणे, खेळात हरल्यावर स्वतःला सावरणे, वर्गात एकट्या पडलेल्या मुलाकडे लक्ष जाणे, या गोष्टी मुले आपोआप शिकतात असे आपण धरून चालतो; वाचन आणि गणिताबाबत मात्र असे कोणी म्हणत नाही. माझ्या मते प्राथमिक शाळेत यासाठी दर आठवड्याला एक ठरलेली तासिका असावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ डरलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशी कौशल्ये शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थी होते, आणि ज्यांना असे शिक्षण मिळाले त्यांची शैक्षणिक कामगिरीही इतरांपेक्षा सरासरी ११ पर्सेंटाइलनी वर होती. त्यामुळे अभ्यासाचा वेळ वाया जातो, ही तक्रार मला पटत नाही.

प्रतिसाद १
आपण दिलेली सरासरी बरोबर आहे, परंतु तिच्यामागची अट आपण सांगितली नाही. क्रमाने रचलेले, प्रत्यक्ष सराव करून घेणारे, पुरेसा वेळ देणारे आणि कोणते कौशल्य शिकवायचे हे स्पष्ट असलेले कार्यक्रमच त्या आढाव्यात अधिक परिणामकारक ठरले होते. प्रत्यक्षात शिक्षकांना एक दिवसाचे प्रशिक्षण मिळते, भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता लागतो आणि उपक्रम पूर्ण झाल्याची नोंद होते. शिवाय ब्रिटनमध्ये ८५ शाळांत झालेल्या सजगता-प्रशिक्षणाच्या (म्हणजे माइंडफुलनेस, मन चालू क्षणावर ठेवण्याचा सराव) मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, तेव्हा नेहमीच्या शालेय उपक्रमांपेक्षा त्याचा मुलांच्या मानसिक आरोग्याला अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही.

मूळ लेखकाचे उत्तर
त्या चाचणीतील मुले ११ ते १४ वर्षांची होती आणि शिकवली जात होती ती सजगता; भांडण मिटवणे किंवा मदत मागणे नव्हे. सात वर्षांच्या मुलाबद्दलचा निष्कर्ष त्यातून काढणे घाईचे होईल. तक्ता लावून मोकळे होण्याबद्दलचा आपला आक्षेप मात्र मला मान्य आहे.

प्रतिसाद २
माझा विरोध तासिकेला नाही, मूल्यमापनाला आहे. एखादा विषय वेळापत्रकात आला की आज ना उद्या प्रगतिपुस्तकातही येतो. मग अबोल मुलाला ‘सहकार्य’ या रकान्यात कमी श्रेणी मिळते आणि शिक्षकांना हवे तेच बोलणारे मूल समंजस ठरते. स्वभाव आणि कौशल्य यांतला फरक वर्षभर सोबत राहणाऱ्या शिक्षकालाही नेहमी कळत नाही, तिथे तो रकान्यात कसा मावणार? मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा गोड खाऊचा प्रयोग आठवावा, ज्यात समोरचा खाऊ लगेच न खाता थांबणाऱ्या मुलाला जास्त खाऊ मिळत असे: जे मूल थांबू शकते ते पुढे यशस्वी होते, असा त्याचा अर्थ वर्षानुवर्षे सांगितला गेला. २०१८ मध्ये अधिक मुलांवर तो पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण झाला. ज्याला आपण मुलाचा संयम म्हणून गुण देतो, तो कदाचित त्याच्या घरातल्या स्थैर्याचा भाग असतो.

प्रतिसाद ३
मी वरील दोन्ही प्रतिसादांशी अंशतः असहमत आहे. गुण देऊ नयेत हे खरे, पण म्हणून हे सर्व घरावर सोपवले तर ज्या मुलाला त्याची सर्वाधिक गरज आहे त्यालाच ते मिळणार नाही. घरात आरडाओरड ऐकणाऱ्या मुलाने शांतपणे मतभेद मांडणारी मोठी माणसे कुठे पाहायची? अर्थात, तासिकेत दीर्घ श्वास घ्यायला सांगणारे शिक्षक पुढच्याच तासाला वही न आणलेल्या मुलाला सर्वांसमोर लाजवत असतील, तर मुले दुसरा धडा अधिक लक्षात ठेवतात. म्हणून मी आधी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि वर्गातील पटसंख्या कमी करण्यासाठी पैसे मागेन. चाळीस मुलांच्या वर्गात मधल्या सुट्टीतले भांडण ऐकून घ्यायलाच कोणाला वेळ नसतो, आणि खरा सराव तर तिथेच होणार आहे.