प्रतिसाद: बॅटरी होम असिस्टंटला जोडताना वॉट आणि किलोवॉट-तास

घरच्या बॅटरीचा इन्व्हर्टर उत्पादकाच्या क्लाऊडवर विसंबून न राहता मॉडबस टीसीपीने (घरच्या नेटवर्कवरून यंत्राचे आकडे वाचण्याच्या पद्धतीने) थेट हबला, म्हणजे होम असिस्टंट हे स्मार्ट-होम सॉफ्टवेअर चालवणाऱ्या संगणकाला, जोडावा, हे या चर्चेत आधी मांडलेले मत मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र जोडणी झाल्यावरही होम असिस्टंटच्या एनर्जी डॅशबोर्डमध्ये (विजेचा हिशेब दाखवणाऱ्या पानावर) बॅटरीचे आकडे चुकीचे का दिसतात, याचा उलगडा चर्चेत अजून झालेला नाही. पुष्कळ इन्व्हर्टर बॅटरीची केवळ तात्कालिक शक्ती वॉटमध्ये कळवतात, आणि तीही एकाच रजिस्टरमध्ये (इन्व्हर्टरमधील आकड्याच्या एका कप्प्यात), चार्जिंगला एक चिन्ह व डिस्चार्जिंगला उलट चिन्ह देऊन. डॅशबोर्डला मात्र या दोन्हींसाठी किलोवॉट-तासांत, म्हणजे एकूण ऊर्जेच्या एककात, वाढत जाणारे स्वतंत्र सेन्सर लागतात. म्हणून आधी टेम्प्लेटने (होम असिस्टंटमधील छोट्या सूत्राने) चिन्हानुसार दोन सेन्सर वेगळे करावेत आणि मग प्रत्येकाला इंटिग्रल हेल्पर, म्हणजे वॉटची वेळेनुसार बेरीज करून किलोवॉट-तास काढणारे साधन, लावावा.

खरी मेख या हेल्परच्या पद्धतीत आहे. ट्रॅपेझॉइडल पद्धत दोन नोंदींची सरासरी धरते, आणि सेन्सरची किंमत बदलली नाही तर नवी नोंद होत नाही. त्यामुळे ४ तास शून्यावर असलेली बॅटरी एकदम २००० वॉट देऊ लागली, की त्या ४ तासांसाठी १००० वॉट धरून ४ किलोवॉट-तास कधीच न वाहिलेली वीज मोजली जाते. येथे ‘लेफ्ट’ पद्धतच निवडावी; ती दोन नोंदींमधल्या काळासाठी आधीचीच नोंद धरते. इन्व्हर्टर स्वतःच एकूण चार्ज व डिस्चार्ज ऊर्जेची रजिस्टरे देत असेल, तर अर्थातच ही सारी खटपट टाळून तीच थेट वापरणे उत्तम.