सील किटने आतली गळती थांबत नाही

हायड्रॉलिक मशीनच्या जुन्या पिस्टन पंपाच्या (तेल दाबाने ढकलणाऱ्या पंपाच्या) दुरुस्तीबद्दल या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, "सील किट (सीलांचा नवा संच) टाकलं की जुना पिस्टन पंप पुन्हा प्रेशर धरतो"; हे मत मला पटत नाही. सील बाहेरची गळती थांबवतं. तेल तापल्यावर प्रेशर पडतं, ते बहुतेक वेळा आतल्या गळतीमुळे: सिलिंडर ब्लॉक (पिस्टन ज्यात बसतात तो ठोकळा) आणि व्हॉल्व्ह प्लेट (तेल आत-बाहेर जाऊ देणारी चकती) यांच्या मधून, पिस्टनच्या कडेने, किंवा शू (पिस्टनच्या टोकाचा सरकणारा पाय) आणि स्वॉश प्लेट (तो ज्यावर सरकतो ती तिरकी प्लेट) यांच्या मधून. हे सगळं तेल केसमध्ये (पंपाच्या बाहेरच्या कवचात) येतं आणि ड्रेन लाइनने टाकीत जातं. म्हणून पंप खोलण्याआधी, तेल गरम आणि मशीन लोडवर असताना, ड्रेनमधून मिनिटाला किती लिटर येतंय ते मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. ड्रेन मात्र क्षणभरही बंद करू नका, केसमधलं प्रेशर शाफ्ट सील उडवतं. शाफ्ट सील वारंवार जात असेल तर केसमधलं प्रेशर का वाढतंय ते आधी शोधा.

चर्चेत दिलेला लॅपिंगचा (ब्लॉक आणि व्हॉल्व्ह प्लेटचे पृष्ठभाग सपाट प्लेटवर बारीक घासून जुळवण्याचा) सल्ला बरोबर आहे, पण ब्लॉक आणि प्लेट सपाट असतील तरच. काही पंपांत ती जोडी गोलाकार असते, ती सपाट प्लेटवर घासली तर कामातून गेली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे या चर्चेत अजून कुणी लिहिलेलं नाही: पंप बसवल्यावर सुरू करण्याआधी केस ड्रेन पोर्टमधून स्वच्छ तेलाने पूर्ण भरा. कोरड्या केसवर सुरू केलेल्या पंपाचे नवे शू आणि बेअरिंग पहिल्या काही क्षणांतच ओरखडे धरतात, आणि एवढी मेहनत वाया जाते.