मंदीत पहिली नोकरी: मिळेल ती धरावी की थांबावं?

मांजलपूर_मावशी:
माझा भाचा यंदा मेकॅनिकल झाला. कॉलेजात मोजक्याच कंपन्या आल्या. त्यातल्या एकीनं ऑफर लेटर दिलं आणि जॉइनिंगची तारीख पुढे ढकलत नेली. आता इथल्या, वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) एक छोटा कारखाना त्याला वर्षभर अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ म्हणून घ्यायला तयार आहे. घरात दोन तट पडलेत. माझं म्हणणं, त्यानं जावं.

मी 2009 ची पदवीधर. सप्टेंबर 2008 मध्ये तिकडे अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि इकडे आमचा कँपस ओस पडला. मे महिन्याच्या उन्हात फाइल काखेत धरून मी मकरपुऱ्यात गेटोगेट फिरले. वॉचमन वहीत नाव लिहायला लावायचा आणि बायोडेटा ढिगावर टाकायचा. एका गेटवर त्या ढिगावर चहाचा पेला ठेवलेला दिसला, सगळ्यात वरच्या कागदावर ओला गोल उमटला होता. तिथंच रडू फुटलं. शेवटी एका ठिकाणी क्वालिटीत लागले. दिवसभर व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीनं, बुश नावाचे छोटे नळीसारखे सुटे भाग मोजायचे. पगार सांगायची लाज वाटायची. पण ड्रॉइंग वाचायला मी त्या टेबलावर शिकले, कॉलेजात नाही. बाजार सावरल्यावर पुढच्या कंपनीनं मला घेतलं ते त्याच्याच जोरावर.

रावपुरावाला:
मावशी, तुमचं खरं असेल, पण मला पटत नाही. मी 2020 चा, लॉकडाउनच्या बॅचचा. मीही मिळेल ते धरलं. दोन वर्षं नोकरी सोडायची नाही असा बाँड, वर मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या. इंजिनिअर म्हणून घेतलं आणि गेटपास एक्सेलमध्ये भरायला बसवलं. वर्षभरानं चांगली संधी आली तेव्हा माझे कागद एचआरच्या कपाटात होते. पुढे मुलाखतीत विचारलं, दोन वर्षं काय केलंत? सांगण्यासारखं काही नव्हतं.

माझा मित्र थांबला, गेट (GATE) ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला गेला. महिना 12,400 रुपये स्टायपेंड आणि हातात पदवी. थांबणं म्हणजे घरी लोळणं नव्हे.

पाणीगेट_आई:
थांबायला घरात कुणाचा तरी पगार यावा लागतो. आमच्याकडे ह्यांचं काम सुटलं, त्यामुळे कोचिंगच्या फीचा विषयच संपला. मुलगी बी.कॉम. होऊन दुकानात बिलिंगला बसते, रात्री बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. तुम्ही दोघं निवड म्हणताय, तिला ती मिळालीच नाही.

मांजलपूर_मावशी:
ताई, अगदी खरं.
रावपुरावाला, मार्कशीट अडकवणं हा सरळ अन्याय आहे. पण तो त्या मालकाचा दोष, नोकरी धरण्याचा नाही. कॅनडातल्या पदवीधरांवर 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे 9 टक्क्यांनी कमी होती आणि ती तूट भरून निघायला जवळजवळ दहा वर्षं लागली. म्हणजे घाव बसतो, पण भरतो.

रावपुरावाला:
कसा भरतो तेही त्याच अभ्यासात आहे. लोक छोट्या कंपनीतून चांगल्या कंपनीत सरकत गेले म्हणून. बाँड नेमकी तीच वाट बंद करतो!

भाच्याचं मला एवढंच सांगा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे करार सरकारी पोर्टलवर नोंदवणार आहेत का? 2019 च्या नियमांत पदवीधराला महिना किमान 9,000 ठरले होते. नुसतं तोंडी अप्रेंटिस म्हणत असतील तर माझं मत ठाम आहे, जाऊ नये.

मांजलपूर_मावशी:
हे विचारायचं राहिलं होतं. उद्या मीच त्याच्याबरोबर जाते. मूळ मार्कशीट माझ्या कपाटात ठेवल्यात, बरोबर फक्त झेरॉक्स. करार नोंदवायला तयार असले, तर मात्र सोमवारी सकाळी तो कामावर हजर.

रावपुरावाला:
आणि कुठल्या मशीनवर बसवणार, तेही त्यांच्याकडून लिहून घ्या.